‘गोळी संपली, बाहेरून घ्या’ – असं का होतं?

सरकारी दवाखान्याच्या औषध खिडकीवर “ही गोळी संपलीय, बाहेरून घ्या” हे वाक्य ऐकलं नाही असं घर आपल्यात क्वचितच सापडेल. अम्मीची शुगरची गोळी असो की अब्बांची बीपीची, अनुभव तोच. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही बंद झाले. पण केसपेपर फुकट आणि गोळ्या मेडिकलवरून विकत, तर रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाची बचत ती काय?

आपण लगेच म्हणतो, “सरकारकडे पैसे नाहीत” किंवा “मधल्या मधे कुणीतरी खातं.” कधी तसंही असेल. पण पैसे असूनही खिडकी रिकामी राहते, तेव्हा कारण दुसरीकडे असतं.

गोळीचा रस्ता लांबचा आहे. आधी दवाखाना वर्षाची मागणी कळवतो. सगळीकडच्या मागण्या एकत्र होतात, निविदा निघते, दर ठरतो, पुरवठ्याचा आदेश जातो. मग कंपनी माल पाठवते, नमुने तपासले जातात, माल जिल्ह्याच्या भांडारात येतो आणि तिथून प्राथमिक आरोग्य केंद्रात. यातली एक कडी अडकली की शेवटच्या खिडकीवर “संपलीय.” महाराष्ट्रात २०१७ मध्ये ही खरेदी हाफकिन महामंडळाकडे एकवटली. पुढे विलंबाच्या तक्रारी वाढल्या आणि २०२३ मध्ये कायदा करून वेगळं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण उभारलं गेलं. खरेदी करणारं कार्यालय बदललं, तरी खालून येणारा मागणीचा आकडा बरोबर हवाच. खरी गोम तिथे आहे.

एक साधं गणित करू. समजा, एका केंद्रात शुगरच्या गोळ्या महिन्याला ६,००० लागतात. म्हणजे वर्षाला ७२,०००. यंदा तीन महिने गोळ्या नव्हत्या, म्हणून नोंदवहीत वाटप दिसलं ५४,०००. पुढच्या वर्षीची मागणी या वाटपावरून काढली तर ५४,०००च मागवल्या जातील आणि त्या नऊ महिन्यांतच संपतील. पुन्हा तीन महिने टंचाई! जे रुग्ण रिकाम्या हाताने परत गेले, ते कागदावर कुठेच नाहीत. म्हणजे यंदाची टंचाईच पुढच्या टंचाईची सोय करून ठेवते.

यावर तमिळनाडूने एक चांगला रस्ता काढला. १९९४ मध्ये त्यांनी औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन केलं. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं उभारली. प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखं पासबुक दिलं, त्यात वर्षाची रक्कम लिहिलेली. दवाखान्याने गरजेप्रमाणे गोदामातून औषध उचलायचं आणि तेवढी रक्कम वजा करायची. गोदामात काय शिल्लक आहे हे मुख्यालयाला कळत राहतं, त्यामुळे साठा संपायच्या आत नवा आदेश देता येतो. नंतर राजस्थान आणि केरळनेही अशी महामंडळं काढली. आपल्या राज्यातही साठ्याच्या नोंदीसाठी ‘ई-औषधी’ ही संगणक प्रणाली आहे. पण संगणकात रोजच्या रोज खरी नोंद गेली तरच तिचा उपयोग.

माल आला म्हणजे काम संपलं असंही नाही. ज्याची मुदत आधी संपते ते औषध आधी वाटायचं, हा भांडाराचा पहिला नियम. तो चुकला की एकीकडे टंचाई आणि दुसरीकडे मुदतबाह्य औषधांचे खोके, असं विचित्र चित्र दिसतं. इन्सुलिनचा साठा २ ते ८ अंश तापमानात ठेवावा लागतो. वीज गेली आणि पर्यायी सोय नसली, तर बाटली जागेवर असूनही औषध वाया जाऊ शकतं.

काही आजारांत उशीर परवडतच नाही. मार्च २०२४ मध्ये टीबीच्या औषधांचा पुरवठा लांबला, तेव्हा केंद्रीय क्षयरोग विभागाने राज्यांना तीन महिन्यांपुरती औषधं स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगितलं. टीबीच्या गोळ्या मधेच तुटल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि मग उपचार जास्त लांब, जास्त अवघड होतो. धोका घरातल्या लहान मुलांपर्यंत पोचतो.

मग आपण काय करायचं? खिडकीवर भांडून गोळी मिळत नाही, समोरचा औषध निर्माण अधिकारीही त्याच साखळीत अडकलेला असतो. पण गुपचूप मेडिकलवर जाऊही नका. केसपेपरवर “औषध उपलब्ध नाही” असं तारखेसह लिहून मागा. बाहेरून घेतलं तर बिल जपून ठेवा. तेच औषध पुन्हा पुन्हा नसेल तर मोहल्ल्यातल्या चार-पाच घरांनी मिळून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांना भेटा. गरज पडली तर माहिती अधिकारात साठा नोंदवही मागता येते. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचा अर्ज घरातल्या दहावी-बारावीच्या मुलाने लिहून द्यावा. आणि गोळी मिळाली नाही म्हणून उपचार मात्र थांबवू नका, डॉक्टरांना पर्याय विचारा.

न मिळालेल्या गोळीची नोंद झाली, तरच ती पुढच्या वर्षीच्या मागणीत मोजली जाईल.