पेटीचं झाकण का अडतं

रामाकोना 2023पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडतं, हवा मात्र जुनीच: मे महिन्यात पारा चाळिशीपुढे आणि सगळं कोरडं ठणठणीत, श्रावणात डब्यातले पापडही सादळतात. लाकडाची दागिन्यांची पेटी करताना खरी अडचण हीच. लाकूड लांबीला जवळपास तेवढंच राहतं, रुंदीला मात्र ओल पिऊन फुगतं. साग त्यात बराच शहाणा. तरी 25 सेंटिमीटर रुंदीची फळी उन्हाळा ते पावसाळा दोनेक मिलिमीटर वाढू शकते. म्हणून झाकणाची फळी चौकटीला फेव्हिकॉलने चिकटवू नये, खाचेत सैल बसवावी. कोपरे पारव्याच्या शेपटीसारखे दात पाडून एकमेकांत गुंतवले की चारही बाजू बरोबरीने फुगतात आणि सांधा उकलत नाही. खिळा इथे अडवणूकच करतो.

यंत्र हे दात मिनिटांत कापतं, मग हात कशाला झिजवायचे? शंभर पेट्या करायच्या तर यंत्रच बरं. पण एकाच पेटीसाठी ते लावण्यातच वेळ जातो, आणि बारीक करवतीइतका निमुळता दात त्याला सहसा जमत नाही. सागामुळे पात्याची धार लवकर जाते, पटाशी वरचेवर दगडावर घासावी लागते, हे खरं. तरी ठुशी-पाटल्यांचा कप्पा बसवताना रंधाच कामाला येतो: सरकवून पाहायचं, घासून कुठे चमकलंय ते बघायचं, तिथलीच कागदासारखी साल काढायची. हे काम पावसाळ्यात केलं, तर उन्हाळ्यात कप्पा थोडा खुळखुळेल. मे महिन्यात घट्ट बसवला, तर आषाढात उघडायचाच नाही.