पडावे कसे, हे आधी शिकावे



मुलांना कुस्ती, कराटे, ज्यूदो यांसारख्या झुंजीच्या विद्या शिकवाव्यात की नाहीत, असा प्रश्न पालक आम्हां शिक्षकांना वारंवार विचारतात. विचारणारांचे दोन पक्ष असतात. एका पक्षाला वाटते, की अशाने मूल धीट होईल आणि कोणी त्याच्या वाटेस जाणार नाही. दुसऱ्या पक्षाला भय वाटते, की आधीच दांडगट असलेला मुलगा अधिकच दांडगट होईल. गंमत अशी, की दोन्ही पक्षांची मूळ समजूत एकच आहे. दुसऱ्याला पाडणे हेच या विद्यांचे सार, असे दोघेही गृहीत धरून चालतात. ही समजूत कितपत खरी आहे, हे पाहण्यासाठी आज आपण ज्यूदो या एकाच विद्येचा विचार करू. ती निवडण्याचे कारण असे, की ती एका शिक्षकाने शिक्षणाचे साधन म्हणूनच घडविलेली आहे.

या शिक्षकाचे नाव जिगोरो कानो. त्यांचा जन्म १८६० साली जपानात झाला. अंगकाठीने ते लहानखुरे होते आणि विद्यार्थिदशेत आडदांड मुलांकडून त्यांना पुष्कळ जाच सोसावा लागला. तेव्हा त्यांनी जुजुत्सू नावाची जुनी, निःशस्त्र झुंजीची विद्या शिकण्याचे ठरविले. १८६८ नंतर जपानात जी स्थित्यंतरे झाली, त्यांत सामुराई वर्गाचे महत्त्व संपले आणि या विद्येलाही उतरती कळा लागली. १८७७ च्या सुमारास कानोंना गुरू मिळाले. पुढे १८८२ साली तोक्यो शहरातील एका बौद्ध मंदिरात, बारा चटयांच्या जागेत, मूठभर शिष्यांना घेऊन त्यांनी कोदोकान ही आपली शाळा काढली. उपजीविकेने ते अध्यापक होते. शिक्षक तयार करणाऱ्या तोक्योच्या उच्च अध्यापन विद्यालयाचे प्रमुखपद त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ सांभाळले.

अशा गृहस्थाने जुनी विद्या हाती घेतल्यावर तिच्यात काय बदल केले? प्रहार आणि सांधे मोडणारे घातक डाव त्यांनी मोकळ्या सरावातून काढून ठेवले व केवळ ठरीव हालचालींच्या पाठांत जतन केले. मोकळ्या सरावात राहिले ते असे डाव, की जे दोघांनाही पुऱ्या जोराने करता यावेत आणि तरी दोघेही धडधाकट घरी जावेत. नावही त्यांनी बदलले. ‘जुत्सू’ म्हणजे कसब. त्या जागी त्यांनी ‘दो’ म्हणजे मार्ग हा शब्द योजला. ‘ज्यू’ म्हणजे मृदुता, नमते घेणे. याचे मर्म कानो आकड्यांनी समजावून देत. समजा, समोरच्याचे बळ दहा आहे आणि माझे सात. तो मला ढकलीत असता मी उलट ढकलू लागलो, तर मी हरणार हे ठरलेलेच. परंतु मी त्याच्या जोराबरोबर मागे सरलो, तर त्याचा तोल पुढे जातो आणि तेवढ्या क्षणापुरते त्याचे बळ तीनच उरते. मग माझ्या सातांपैकी निम्मे बळही पुरते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. ज्यूदोच्या वर्गात नव्याने आलेल्या मुलाला पाडण्याचा डाव प्रथम शिकवीत नाहीत; प्रथम शिकवितात ते पडणे. त्याला ‘उकेमी’ असे नाव आहे. मागे पडताना हनुवटी छातीशी घ्यावयाची, म्हणजे डोक्याचा मागचा भाग जमिनीवर आपटत नाही. पाठ टेकण्याच्या क्षणी पसरलेल्या हातांनी चटईवर थाप द्यावयाची, म्हणजे आघात एका ठिकाणी न बसता विस्तृत भागावर विभागला जातो. पुढे पडताना देह चेंडूसारखा गोल करून हात, खांदा, पाठ आणि विरुद्ध बाजूचे कुल्ले या क्रमाने लोळण घ्यावयाची. प्रथम बसून, मग उकिडवे बसून, मग उभ्याने, अशा पायऱ्यांनी हा सराव कित्येक आठवडे चालतो.

वरवर पाहता क्षुल्लक वाटणारी ही गोष्ट मुलाच्या शरीराला आणि मनाला बरेच काही देऊन जाते. तोल सांभाळण्याचे इंद्रिय आपल्या कानाच्या अंतर्भागात असते. हातपाय कोठे आहेत, हे न पाहता कळविणारी जाणीव स्नायूंत आणि सांध्यांत असते. वळणे, लोळणे, उलटे होणे, पुन्हा उभे राहणे यांनी ही दोन्ही साधने डोळ्यांशी जुळवून घेण्यास शिकतात. एके काळी हे शिक्षण झाडावर चढून, विटीदांडू खेळून, लंगडीत धापा टाकीत फुकट मिळे. आज अंगण गेले, रस्ता वाहनांनी व्यापला आणि हातात फोन आला. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी साठ मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायूंना व हाडांना बळकटी देणारे श्रम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले, ते याच काळजीपोटी. मनाचे म्हणाल, तर ज्याला पडण्याचे भय उरले नाही, तो नवे करून पाहण्यास कचरत नाही. गणित चुकेल या धास्तीने कोरी पाटी धरून बसणारी मुले मी वर्गात नित्य पाहतो. पडणे हाही शिकण्याचा एक भाग आहे, हे त्यांना कोणी अंगाने शिकविलेले नसते.

दुसरा धडा सोबत्याचा. या सरावात समोरच्याच्या देहावर आपण शिकत असतो. तो मोडला, तर आपले शिक्षणही थांबले. म्हणून आरंभी व शेवटी दोघे एकमेकांना लवून वंदन करतात. पकड असह्य झाली, की जखडलेल्याने हाताने दोनदा थोपटावयाचे आणि दुसऱ्याने त्याच क्षणी सोडावयाचे, हा नियम अभंग आहे. या एका नियमात केवढे शिक्षण आहे पाहा! एक मूल शिकते, की ‘पुरे’ म्हणण्यात नामुष्की नाही. दुसरे शिकते, की समोरचा ‘पुरे’ म्हणाला, म्हणजे आपले बळ तेथे संपले. आपल्या आखाड्यातही दुसरे काय असते? माती खणून भुसभुशीत करतात ती पडणाऱ्यासाठीच, आणि पोरासोरांशी खेळताना चांगला वस्ताद स्वतः खाली जाऊन त्यांना डाव करू देतो. खेळकर झोंबाझोंबीत थोरला भाऊही धाकट्याला मुद्दाम वर येऊ देतो. नाही तर धाकटा पुन्हा खेळायलाच येणार नाही. बळ आवरणे हे बळ वापरूनच शिकता येते.

हे केवळ उपदेशाचे बोल नव्हेत. अमेरिकेत मायकेल ट्रुल्सन या संशोधकाने गुन्हेगारीकडे झुकलेल्या किशोरवयीन मुलांवर केलेला एक प्रयोग १९८६ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला कोरियाची तायक्वांदो ही विद्या तिच्या परंपरेसह, म्हणजे ध्यान, आदर आणि संयम यांच्या शिकवणीसह दिली. दुसऱ्या गटाला केवळ लाथा-ठोसे आणि झुंज शिकविली. तिसऱ्या गटाला धावणे आणि चेंडूचे खेळ दिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील मुलांची आक्रमकता उतरलेली दिसली. दुसऱ्या गटाची मात्र वाढलेली दिसली! प्रयोग लहान होता, त्यावर फार मोठा इमला रचू नये. तथापि त्याचा कल स्पष्ट आहे. पुढे २००४ साली लेक्स आणि हॉयट यांनी एका शाळेतील अशाच पाठांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत मुलांना वरचेवर स्वतःला विचारावयास सांगत, की मी आता कोठे आहे, काय करीत आहे आणि काय करावयास हवे. या मुलांचा आत्मसंयम, नेहमीच्या कवायतीच्या तासाला बसणाऱ्या मुलांपेक्षा अधिक सुधारला.

परंतु नाण्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या जपानात ही विद्या जन्मली, तेथेच १९८३ ते २०११ या काळात शालेय ज्यूदोत ११८ मुले दगावली. डोक्याला बसलेला मार हे त्यांतील एक मोठे कारण होते आणि बळींमध्ये नवशिकी मुले पुष्कळ होती. पडणे अंगवळणी पडण्यापूर्वीच त्यांना जोराने पाडले जात होते. २०१२ पासून माध्यमिक शाळांत युद्धकलांचे शिक्षण सक्तीचे होणार म्हटल्यावर पालकांनी व अभ्यासकांनी या आकड्यांकडे सर्वांचे लक्ष वेधले. शिकविण्याच्या रीतीत दक्षता आली, आणि मृत्यू झपाट्याने घटले. पुढे २०२२ साली तेथील ज्यूदो महासंघाने प्राथमिक शाळेतील मुलांची वैयक्तिक राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली. जिंकण्याच्या हव्यासापायी दहा-बारा वर्षांच्या मुलांना वजन उतरवावयास लावणे, पालकांनी पंचांवर ओरडणे, असे प्रकार वाढले होते. कानोंनी घालून दिलेले परस्परांच्या उत्कर्षाचे तत्त्व त्या गोंगाटात बुडून गेले होते.

हे तत्त्व रंगमंचावर कसे दिसते, याचे उदाहरण १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकचे आहे. ज्यूदोचा समावेश त्या वर्षी प्रथमच झाला होता. खुल्या वजनगटाच्या अंतिम लढतीत हॉलंडच्या आंतोन गेसिंक यांनी जपानच्या कामिनागांना, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर, जखडून जिंकले. आनंदाने बेभान झालेले त्यांचे देशबांधव चटईकडे धावले. गेसिंक यांनी हात उंचावून त्यांना जागीच थांबविले. कारण प्रतिस्पर्ध्याला वंदन करणे अजून राहिले होते.

तेव्हा पालकांना माझे सांगणे एवढेच, की मुलाचे नाव घालण्यापूर्वी त्या वर्गात एक तासभर स्वस्थ बसून पाहावे. भिंतीवरची पदके मोजू नयेत. नवशिक्यांचे पडणे किती दिवस घोटून घेतात, ते विचारावे. थोपटण्याची खूण होताच पकड सुटते की नाही, थोराड मूल किरकोळ मुलाशी कसे वागते, आणि डोक्याला मार लागलेल्या मुलाला खेळ थांबवून डॉक्टरांकडे नेतात की ‘काही होत नाही’ म्हणून पुन्हा उभे करतात, हे पाहावे. सर्वांत शेवटी, हरलेल्या मुलाशी शिक्षक काय बोलतात, ते कान देऊन ऐकावे. त्या बोलण्यावरूनच आपले मूल तेथे काय शिकणार आहे, ते कळेल.