रोपवेने वर, पायी खाली?

रायगडाहून परतलेले, गुडघे धरून बसलेले रुग्ण माझ्याकडे दर हिवाळ्यात येतात. १९९६ पासून गडावर रोपवे आहे. ही मंडळी त्याने वर जातात आणि ‘उतरायला काय लागते?’ म्हणत पायऱ्यांनी खाली येतात. नेमके उलटे! चढताना कस लागतो हृदयाचा, उतरताना गुडघ्यांचा. पायरीगणिक अंगाचा भार त्यांच्यावर आदळतो. गुडघे दुखरे पण हृदय ठणठणीत असेल, तर पहाटे पायी चढावे, रोपवेने उतरावे. चढताना छातीवर दाब आला, जबडा वा हात भरून आला, तर ‘पित्त असेल’ म्हणून रेटू नये. जागीच बसावे, सोबत्यांनी तातडीने रुग्णालयात न्यावे. दोन्ही दुखणी असतील त्यांनी रोपवेनेच जावे-यावे, वर बाजारपेठ, जगदीश्वराचे मंदिर सावकाश पाहावे. पाचाडची जिजाऊंची समाधी तर पायथ्यालाच आहे.