तरलता-पुरवठा

तरलता-पुरवठा : विक्रेत्याला विकावयाचे असेल त्या वेळी गिऱ्हाईक आणि खरेदीदाराला घ्यावयाचे असेल त्या वेळी माल मिळावा, यासाठी स्वतःचा पैसा वा माल बाजारात सज्ज ठेवण्याच्या व्यवहारास तरलता-पुरवठा असे म्हणतात. एखादी मालमत्ता किमतीत फारशी घट न येता किती लवकर रोख पैशात बदलता येते, यावर तिची तरलता ठरते. तिलाच रोकडसुलभता असेही नाव आहे. रोख रक्कम सर्वांत तरल, सोने त्याखालोखाल, तर घर व शेतजमीन यांची तरलता बरीच कमी असते. तरलता-पुरवठ्याचा मोबदला आडत, भावांतील फरक, व्याज किंवा शुल्कातील वाटा अशा विविध रूपांनी मिळतो. २०१८ नंतर आभासी चलनांच्या (क्रिप्टोकरन्सी) विनिमय-मंचांनी हा व्यवसाय कोणाही ठेवीदारास खुला केला. व्यवहाराचे साधन नवे असले, तरी त्यामागील आर्थिक तत्त्व जुनेच असून खानदेशातील कापसाच्या व्यापारात ते स्पष्टपणे पाहावयास मिळते.

खानदेशातील पूर्वपीठिका : तापीच्या खोऱ्यातील खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग करण्यात आले. त्यांनाच पुढे जळगाव व धुळे ही जिल्हानामे मिळाली. १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) तेथील कापसाची निर्यात खुंटली आणि हिंदी कापसाला इंग्लंडमध्ये मोठी मागणी आली. त्याच दशकात लोहमार्ग खानदेशातून पुढे गेल्याने येथील कापूस मुंबईच्या बाजाराशी जोडला गेला.

कापसाची वेचणी काही महिन्यांपुरती चालते. गिरण्यांना मात्र रुई वर्षभर लागते. शेतकऱ्यास दिवाळी, देणी आणि रब्बीची पेरणी यांसाठी पैसा तत्काळ हवा असतो, तर जिनिंग कारखानदाराचा पैसा रुई व सरकी विकली गेल्यावरच मोकळा होतो. या दोन वेळांमधील अंतर कोणीतरी स्वतःच्या पैशाने भरून काढावे लागते. हे काम पूर्वी सावकार व हुंडीवाले करीत. बाजारपेठा वाढल्यावर त्यात आडत्याचे स्थान महत्त्वाचे झाले. केळीच्या बाबतीत ही निकड अधिक तीव्र असते. कापूस घरात साठविता येतो. रावेर, सावदा, यावल भागांतील केळीचा घड मात्र कापल्यानंतर थांबत नाही. त्यामुळे ज्या दिवशी माल तयार, त्या दिवशी भाव देणारा व्यापारी बागेच्या बांधावर असावाच लागतो.

आडत्याचा मोबदला व जोखीम : आडत्या हा केवळ दोन पक्षांची गाठ घालून देणारा दलाल नव्हे. तो शेतकऱ्यास मालाचे पैसे चुकते करतो आणि खरेदीदाराकडून ते काही दिवसांनी वसूल करतो. म्हणून आडतीत तीन गोष्टींचा मोबदला सामावलेला असतो : गुंतलेल्या रकमेवरील व्याज, येणे बुडण्याची जोखीम आणि मालाची प्रत व गिऱ्हाईकाची पत ओळखण्याचे श्रम. आडत्या वा व्यापारी स्वतः माल खरेदी करून ठेवतो, तेव्हा भाव उतरण्याची चौथी जोखीमही त्याच्यावर येते. २०२१-२२ च्या हंगामात कापसाचा भाव क्विंटलला १०,००० रुपयांवर गेला होता. तोच भाव पुन्हा मिळेल या अपेक्षेने पुढील हंगामात खानदेशातील अनेक शेतकऱ्यांनी कापूस घरात राखून ठेवला. हंगामाच्या अखेरीस मात्र भाव त्याहून बरेच खाली होते. माल धरून ठेवणाऱ्यास कोणती जोखीम उचलावी लागते, याचे हे अलीकडचे उदाहरण होय.

या व्यवस्थेस दुसरी बाजूही आहे. हंगामापूर्वी घेतलेली उचल फेडण्यासाठी शेतकऱ्यास आपला माल त्याच आडत्याकडे आणावा लागतो आणि मग भावाविषयी घासाघीस करण्याची त्याची शक्ती कमी होते. वजनातील कटती व खेडा खरेदीतील उधारी यांविषयीच्या तक्रारीही जुन्या आहेत. यांवर उपाय म्हणून १९२७ मध्ये मुंबई कापूस बाजार कायदा संमत झाला. त्याखाली नियमन झालेल्या आरंभीच्या बाजारांत धुळ्याच्या बाजाराचा समावेश होतो. १९६३ च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न बाजार अधिनियमाने बाजार समित्यांची आजची चौकट घालून दिली. २०१६ मध्ये फळे व भाजीपाला यांबाबत आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याची तरतूद करण्यात आली. म्हणजेच तरलता-पुरवठ्याचा मोबदला कोणी द्यावा, हा प्रश्न कायद्याने हाताळावा लागला.

महाराष्ट्र शासनाने १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना अंमलात आणली, तेव्हा राज्यातील कापसाचा एकमेव खरेदीदार, अर्थात एकमेव तरलता-पुरवठादार, शासनच झाले. हमी दराचा आधार मिळाला; परंतु पैसे हप्त्यांनी व विलंबाने मिळू लागल्यास रोख भाव देणाऱ्या शेजारील राज्यांच्या बाजारांकडे कापूस वळे. गुजरात व मध्य प्रदेश यांच्या सीमा जवळ असल्याने खानदेशात हे विशेष जाणवे. २००२ नंतर एकाधिकार संपुष्टात आला. चांगल्या भावाइतकेच वेळेवर मिळणाऱ्या पैशाला मोल असते, हे या अनुभवावरून दिसून आले.

संघटित बाजारांतील भावकर्ते : मुंबई शेअरबाजारात ‘तारवणीवाला’ या नावाने ओळखला जाणारा दलाल विशिष्ट शेअरचे खरेदी व विक्री असे दोन्ही भाव पुकारीत असे आणि त्या दोन भावांतील फरकावर आपला नफा मिळवी. लंडनच्या शेअरबाजारातील जॉबर हा त्याचाच समव्यवसायी. मुंबईत १९९५ मध्ये संगणकीय व्यवहारपद्धती आल्यावर पुकाऱ्याची पद्धत मागे पडली. तथापि दोन्ही बाजूंचे भाव देणाऱ्याची गरज संपली नाही. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने (सेबी) २०११ मध्ये शेअर-वायद्यांसाठी व २०१८ मध्ये वस्तु-वायद्यांसाठी तरलतावर्धन योजनांस अनुमती दिली. अशा योजनेत नेमलेल्या भावकर्त्यास बाजाराकडून ठराविक मोबदला मिळतो. मात्र त्याची नेमणूक, कर्तव्ये व मोबदला हे सर्व जाहीर करावे लागते.

आभासी चलनांचे तरलता-निधी : आभासी चलनांच्या काही मंचांवर आडत्याची वा भावकर्त्याची जागा एका आपोआप चालणाऱ्या संगणकीय कराराने घेतली आहे. ईथेरियम या जाळ्यावर नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालेला युनिस्वॅप हा अशा मंचांपैकी प्रमुख होय. येथे ठेवीदार दोन चलने सारख्या मूल्याने एका सामाईक निधीत ठेवतात. खरेदीदार त्या निधीत एक चलन भरून दुसरे उचलतो व त्यासाठी शुल्क देतो; युनिस्वॅपच्या दुसऱ्या आवृत्तीत ते व्यवहाराच्या ०·३ टक्के होते. हे शुल्क ठेवीदारांत त्यांच्या हिश्श्यानुसार वाटले जाते. भाव कोणी पुकारीत नाही. निधीतील दोन्ही चलनांच्या संख्यांचा गुणाकार व्यवहारापूर्वी व व्यवहारानंतर, शुल्क वगळता, स्थिर राहावा एवढाच नियम असतो.

हा नियम कापसाच्या काल्पनिक उदाहरणाने समजून घेता येईल. समजा, एका सामाईक कोठारात १०० क्विंटल कापूस व ६,४०,००० रुपये ठेवले आहेत. कापसाचा भाव क्विंटलला ६,४०० रुपये व दोन्ही संख्यांचा गुणाकार ६·४ कोटी झाला. आता एका व्यापाऱ्यास २० क्विंटल कापूस उचलावयाचा आहे. कोठारात ८० क्विंटल उरतील, तेव्हा गुणाकार कायम राखण्यासाठी रोकड ८,००,००० रुपये व्हावयास हवी. म्हणून त्यास शुल्काखेरीज १,६०,००० रुपये भरावे लागतील. त्याला सरासरी ८,००० रुपये भाव पडला आणि कोठारातील नवा भाव १०,००० रुपये झाला. कोठार लहान असेल तितका भाव अधिक उसळतो. निधी मोठा असण्याचे महत्त्व यातच आहे.

बाहेरच्या बाजारातील भाव बदलला की कोठारातील स्वस्त माल उचलून बाहेर विकणारे, अर्थात अंतरपणन करणारे, व्यापारी दोन्ही भाव समान करतात. त्यांचा नफा ठेवीदारांच्या खिशातून जातो. वरील उदाहरणात बाहेरील भाव १०,००० रुपये झाल्यावर कोठारातील एकूण ठेव १६,००,००० रुपयांची होते. परंतु मूळचा १०० क्विंटल कापूस व रोकड घरीच ठेवली असती, तर त्यांचे मूल्य १६,४०,००० रुपये झाले असते. भाव घसरून ४,०९६ रुपये झाला, तर कोठारात १२५ क्विंटल कापूस व ५,१२,००० रुपये, म्हणजे १०,२४,००० रुपयांची मत्ता राहते. घरी ठेवलेल्या मालाचे व पैशाचे मूल्य १०,४९,६०० रुपये असते. भाव चढो वा उतरो, ठेवीदार मागेच राहतो. कारण चढत्या भावात त्याचा माल कमी होत जातो आणि उतरत्या भावात त्याच्याकडे माल साचत जातो. या तुटीस ‘तात्पुरती तूट’ असे नाव रूढ आहे. भाव पूर्वपदावर आल्यास ती नाहीशी होते. त्याआधी ठेव काढून घेतल्यास ती कायमची ठरते. पहिल्या उदाहरणातील ४०,००० रुपयांची तूट ०·३ टक्के शुल्कातून भरून येण्यासाठी सुमारे १ कोटी ३३ लाख रुपयांचे व्यवहार त्या कोठारातून व्हावे लागतील. यावरून शुल्क हे व्याज नसून जोखमीची भरपाई आहे, हे ध्यानात येते.

बक्षिसे व त्यांचा उगम : अनेक मंच शुल्काशिवाय स्वतः निर्माण केलेले चलन ठेवीदारांस बक्षीस म्हणून देतात. कंपाउंड या कर्जव्यवहाराच्या मंचाने जून २०२० मध्ये असे वाटप सुरू केल्यावर ही प्रथा वेगाने पसरली. तीस ‘यील्ड फार्मिंग’, म्हणजे परताव्याची शेती, असे नाव पडले. त्याच वर्षी सुशीस्वॅप या नव्या मंचाने आपल्या चलनाचे आमिष दाखवून युनिस्वॅपवरील ठेवींचा मोठा भाग आपल्याकडे वळविला. अशा बक्षिसाचे मूल्य त्या नव्या चलनाच्या भावावर अवलंबून असते. वाटप वाढते तसतसे चलन मुबलक होऊन त्याचा भाव घसरू लागतो. मे २०२२ मध्ये टेरा या जाळ्यावरील डॉलरशी बांधलेले चलन कोसळले. तेथील अँकर या मंचावर त्या चलनाच्या ठेवींना वर्षाला सुमारे २० टक्के परतावा सांगितला जात होता आणि तो प्रत्यक्ष उत्पन्नातून भागत नव्हता.

याखेरीज करारातील सदोष आज्ञावली, चोरी आणि निर्मात्यांनीच निधी उपसून पसार होणे, हे धोके संभवतात. मुंबईस्थित कॉइनडीसीएक्स या कंपनीच्या ज्या अंतर्गत खात्यातून जुलै २०२५ मध्ये सुमारे ४·४ कोटी डॉलर चोरीस गेले, ते खाते दुसऱ्या मंचावर तरलता पुरविण्यासाठीच वापरले जात होते. ग्राहकांच्या ठेवी सुरक्षित असून तोटा स्वतःच्या गंगाजळीतून सोसण्यात येईल, असे कंपनीने जाहीर केले.

भारतातील वैधानिक स्थिती : आभासी चलनांचे व्यवहार करणाऱ्यांना बँकांनी सेवा देऊ नये, असा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये काढला, सर्वोच्च न्यायालयाने तो ४ मार्च २०२० रोजी रद्द ठरविला. ही चलने भारतात विधिग्राह्य चलन नाहीत. २०२२ च्या वित्त अधिनियमाने त्यांच्या हस्तांतरणापासूनच्या उत्पन्नावर ३० टक्के कर व हस्तांतरणाच्या मोबदल्यातून १ टक्का करकपात लागू केली. त्यांतील तोटा अन्य उत्पन्नातून वजा करता येत नाही. मार्च २०२३ पासून अशा मंचांना काळा पैसा प्रतिबंधक कायदा लागू झाला. तथापि बँकठेवीस असते तसे विमासंरक्षण या निधींतील ठेवींना नाही.

ठेवीदाराच्या दृष्टीने महत्त्व : तरलता नाहीशी झाल्यास काय होते, याचा अनुभव खानदेशाने आभासी चलनांपूर्वीच घेतला आहे. जळगाव येथे मुख्यालय असलेली भाईचंद हिराचंद रायसोनी बहुराज्यीय सहकारी पतसंस्था २०१४-१५ च्या सुमारास ठेवी परत करू शकली नाही व तीवर अवसायक नेमण्यात आला. निकड असलेल्या ठेवीदारांच्या पावत्या अल्प किमतीस घेऊन त्या कर्जखात्यांत वळत्या करण्यात आल्याचे आरोप पुढे झाले आणि त्यासंबंधी २०२० मध्ये पुणे पोलिसांनी जळगावात कारवाई केली. पावतीवरील रक्कम तीच होती; मात्र ती हवी तेव्हा मिळेल याची खात्री उरली नव्हती. पावतीचे मूल्य घटले ते यामुळे.

यास्तव तरलता-पुरवठ्याच्या कोणत्याही प्रस्तावात मोबदल्याचा दर किती, यापेक्षा तो कोठून येतो हे आधी पाहणे आवश्यक ठरते. तो प्रत्यक्ष खरेदी-विक्रीच्या शुल्कातून येत असेल, तर त्यामागे उलाढाल दाखविता येते. नव्याने निर्मिलेल्या चलनातून वा नव्या ठेवीदारांच्या पैशातून येत असेल, तर आवक थांबताच तो आटतो. भावबदलाची जोखीम कोणावर आहे, ठेव कोणत्या अटींवर परत मिळते आणि ती बुडाल्यास दाद कोणाकडे मागावयाची, हे पुढील प्रश्न होत. बाजार समितीतील आडत्यास परवाना असतो, त्याची पेढी परिचित असते आणि हिशोबपट्टीवर त्याचे नाव असते. संगणकीय निधीत आडत्याची जोखीम ठेवीदाराकडे येते. परंतु मालाची व गिऱ्हाईकाची पारख करून ती टाळण्याचे आडत्याचे साधन मात्र त्याच्या हाती येत नाही.