पत्ता एक, वाचणारे दोन

फ्रान्स सरकारने एप्रिल २०१९मध्ये सरकारी अधिकारी आणि कर्मचाऱ्यांसाठी ‘चाप’ नावाचे संदेशवहनाचे ॲप खुले केले. सरकारी कामाची बोलणी व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर नकोत, संदेश साठवणारे सर्व्हर आपल्याच ताब्यात असावेत, हा त्यामागचा हेतू. आत शिरण्याची अट सोपी होती. अर्जदाराकडे सरकारी ईमेल पत्ता हवा. त्या पत्त्यावर एक दुवा पाठवला जाई, तो उघडला की सदस्यत्व पक्के.

ॲप आल्या आल्या बाप्टिस्ट रोबेर या फ्रेंच सुरक्षा संशोधकाने त्यात नाव नोंदवले, तेही थेट राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादातील कर्मचारी म्हणून. त्यांच्याकडे सरकारी ईमेल पत्ता नव्हता. त्यांनी कोणाचा पासवर्ड चोरला नव्हता, की कोणत्या सर्व्हरचे कुलूप तोडले नव्हते. त्यांनी फक्त पत्त्याच्या रकान्यात एक विचित्र पत्ता लिहिला होता. (भारतीय वाचकांना हे नाव ‘आरोग्य सेतू’मुळे आठवत असेल. मे २०२०मध्ये त्या ॲपमधील त्रुटींबाबत त्यांनी केलेला दावा सरकारने फेटाळला होता.)

त्या पत्त्यात काय होते, हे कळण्यासाठी ईमेल मुळात कसा असतो ते पाहावे लागते.

पडद्यावर ईमेल दिसतो तो आवरून-सावरून ठेवलेला. वर नाव, शेजारी फोटो, खाली मजकूर, तळाशी जोडलेली पीडीएफ. प्रत्यक्ष प्रवास करते ती मात्र अक्षरांच्या ओळींची एक लांबलचक पट्टी. संगणकावर बहुतेक ईमेल सेवांच्या मेनूत ‘मूळ संदेश दाखवा’ असा पर्याय असतो. तो निवडला की ही पट्टी उघडी पडते. सुरुवातीला वाटेतल्या सर्व्हरचे ठसे असतात. प्रत्येक सर्व्हर आपला ठसा आधीच्या ठशांच्या वर मारतो, त्यामुळे पत्राचा प्रवास खालून वर वाचायचा असतो. मग प्रेषक, प्राप्तकर्ता, विषय, तारीख यांच्या ओळी. ओळ लांबली तर ती मोडून पुढच्या ओळीवर नेता येते, पण मग त्या पुढच्या ओळीच्या आरंभी मोकळी जागा सोडायची. म्हणजे ती आधीच्या ओळीचेच शेपूट आहे, हे कळते. आणि मग एक कोरी ओळ. पाकीट संपले, पत्र सुरू झाले, हे सांगणारी खूण तेवढीच.

शाळेत मराठीच्या तासाला वाक्यपृथक्करण शिकवतात. उद्देश्य कोणते, विधेय कोणते, विधेयविस्तार कुठला. ईमेलच्या या पट्टीचे असेच पृथक्करण करण्याला संगणकाच्या जगात ‘पार्सिंग’ म्हणतात आणि ते करणाऱ्या प्रोग्रॅमला ‘पार्सर’. पायथॉन, जावा, पीएचपी अशा बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये त्यासाठीची साधने तयार मिळतात. बँकेपासून रुग्णालयापर्यंत कोणाच्याही संगणक-प्रणालीला ईमेल वाचायचा झाला, तर प्रोग्रॅमर सहसा हे तयार साधनच वापरतो. ते वापरणेच शहाणपणाचे, कारण नियम दिसतात तितके सरळ नाहीत.

या नियमांचा गाभा १९८२ सालचा आहे. ईमेल तेव्हा मुख्यतः अमेरिकेतील संशोधन संस्थांमध्ये फिरत होता. नियमपुस्तिका २००१ आणि २००८मध्ये सुधारून लिहिली गेली, पण सांगाडा तोच राहिला. त्या जुन्या काळाची एक मोठी अडचण म्हणजे रोमन अक्षरे, आकडे आणि मोजकी चिन्हे यांखेरीज काही चालत नसे. मराठीचा तर प्रश्नच नव्हता. नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२मध्ये ‘माइम’ नावाची पद्धत मांडली आणि छायाचित्रे, ध्वनी, इतर लिप्या हे सारे त्याच जुन्या नळातून जाऊ लागले. युक्ती अशी की कोणतीही माहिती आधी ६४ निरुपद्रवी चिन्हांमध्ये लिहून काढायची, पलीकडच्या पार्सरने ती उलटवून घ्यायची. तीन बाइट माहितीची चार चिन्हे होतात, म्हणजे वजन एक तृतीयांशाने वाढते. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचे असते. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणून १५ बाइट. तो शब्द अशा ईमेलमध्ये २० रोमन चिन्हांचा अगम्य पुंजका होऊन प्रवास करतो.

मराठी विषयाच्या ओळीत मध्येच चौकोन किंवा प्रश्नचिन्हे उगवतात, त्याचे एक कारण इथेच सापडते. विषयाच्या ओळीत असा एकेक पुंजका ७५ चिन्हांपेक्षा मोठा असू नये, असा नियम आहे. लांब मराठी विषयाचे त्यामुळे तुकडे पडतात. तुकडा अक्षराच्या मधोमध पाडू नये, हेही नियमात लिहिले आहे. तरी एखादा निष्काळजी प्रोग्रॅम तीन बाइटचे अक्षर दोन-एक असे चिरतो आणि पलीकडच्या पार्सरला दोन्हीकडे अर्धे मढे मिळते. इथे नुकसान फारसे नाही, वाचणारा माणूस समजून घेतो.

पत्त्याच्या बाबतीत मात्र समजून घेणे महागात पडते. ‘@’ या चिन्हाच्या डावीकडे व्यक्ती, उजवीकडे संस्था, हा ढोबळ नियम सर्वांना ठाऊक असतो. प्रत्यक्ष नियमपुस्तिका त्याहून बरीच उदार आहे. डावीकडचा भाग अवतरणचिन्हांत ठेवला तर त्यात मोकळी जागा चालते, खुद्द ‘@’सुद्धा चालतो. पत्त्याच्या अधेमध्ये कंसात टीप घालता येते. पार्सरने ती वगळून वाचायची असते. पत्त्याआधी माणसाचे नाव असू शकते, स्वल्पविरामाने अनेक पत्ते जोडता येतात. त्यामुळे ‘@’ दिसला की तिथे कापा, इतक्यावर हे काम भागत नाही.

अवतरणचिन्हांबाहेर दोनदा ‘@’ आला तर तो पत्ता चुकीचा, यात मात्र शंका नाही. रोबेर यांनी नेमका असा पत्ता लिहिला होता. सोपे करून सांगायचे तर ‘मी@माझी-सेवा@एलिझे’ या धाटणीचा. खिडकीवर बसलेल्या प्रोग्रॅमने शेवट पाहिला. शेवटी एलिझे प्रासादाचे नाव होते, म्हणून अर्जदार पात्र ठरला. मग खात्री करणारा दुवा पाठवायचे काम दुसऱ्या प्रोग्रॅमकडे गेले. हा भाग पायथॉनमध्ये लिहिलेला होता आणि पत्ता सोडवायला त्याने भाषेतले तयार साधन वापरले. त्या साधनाने सुरुवातीपासून वाचायला घेतले, ‘मी@माझी-सेवा’ हा एक धड पत्ता हाती लागल्यावर समाधान मानले आणि उरलेला भाग निमूटपणे टाकून दिला. दुवा रोबेर यांच्या खासगी पत्त्यावर येऊन पडला. एकाने शेपूट पाहून दार उघडले, दुसऱ्याने डोके पाहून किल्ली पाठवली. पेशवाईतल्या गोष्टीत ‘ध’चा ‘मा’ करायला निदान एक अक्षर खोडावे लागले होते. इथे कोणी काहीच खोडले नाही.

रोबेर यांनी ही गोष्ट लगेच कळवली आणि काही तासांत चूक दुरुस्त झाली. त्यांना ॲपमधले खुले गट दिसले, खासगी संभाषणांपर्यंत ते पोहोचू शकले नव्हते. प्रामाणिक माणसाच्या हाती सापडले म्हणून हे प्रकरण बातमीपुरते राहिले. खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. पायथॉनचे हे साधन दोन ‘@’ असलेला पत्ता चुकीचा वाचते, ही तक्रार २०१८मध्येच जाहीर नोंदवली गेली होती. ती तिथे पडून राहिली, कारण कोणालाही ती तातडीची वाटली नव्हती. मूळ भाषेतली दुरुस्ती ‘चाप’च्या गोंधळानंतर, २०१९मध्ये झाली.

साधनाच्या या वागण्याला आळस म्हणता येत नाही. त्यामागे इंटरनेटच्या आरंभीच्या काळातला एक नामांकित संकेत आहे. जॉन पोस्टेल यांनी १९८०च्या सुमारास तो मांडला: पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार व्हा. त्या उदारपणामुळेच जगभरचे विसंगत संगणक एकमेकांशी बोलू लागले. ईमेलचे बहुतेक पार्सर याच वळणाचे आहेत. पायथॉनचा पार्सर मोडक्या-तोडक्या संदेशालाही सहसा ‘वाचता येत नाही’ म्हणून परत पाठवत नाही. जमेल तसा अर्थ लावतो आणि सापडलेले दोष एका यादीत लिहून ठेवतो. ती यादी पाहायची की नाही, हे प्रोग्रॅमरवर. मावशीचे वाढदिवसाचे पत्र वाचायचे असेल तर असा वाचक हवाच. पण दारावर ओळखपत्र तपासायला तोच बसवला, की त्याची समजूतदार वृत्ती भामट्याच्या कामी येते.

फ्रेंचांना या जातीची फसवणूक नवी नाही. ‘चाप’ हे नाव ज्यांच्यावरून पडले, त्या क्लोद शाप यांनी १७९०च्या दशकात मनोऱ्यांवरील हलत्या दांड्यांच्या खुणांनी संदेश पाठवणारी तारयंत्रणा उभारली होती. ती फक्त सरकारी कामासाठी होती. १८३४ ते १८३६ या काळात बोर्दो शहरातील ब्लां बंधूंनी एका कर्मचाऱ्याला लाच देऊन सरकारी संदेशात एक जादा खूण घुसवायला लावली आणि पाठोपाठ ‘आधीची खूण चुकली’ असे सांगणारी खूण. अंतिम ठिकाणी संदेश उतरवून घेणारा अधिकारी चूक वगळून वाची, त्याला काहीच वावगे दिसत नसे. बंधूंचा माणूस मात्र दुर्बिणीतून मनोऱ्याकडे पाहत नेमकी तीच चुकीची खूण टिपून घेई; पॅरिसच्या रोखेबाजारात भाव कुठे चालला आहे, ते तिच्यातून कळे. संदेश एक, वाचणारे दोन, आणि दोघांचा अर्थ निराळा.

२०२३च्या डिसेंबरमध्ये अशीच आणखी एक फट उघडकीला आली, या वेळी पत्त्यात नव्हे तर पत्राच्या शेवटात. सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरला ईमेल देतो तेव्हा ‘पत्र संपले’ हे सांगायला एका ओळीत एकटा टिंब पाठवतो. ओळ संपली हे सांगण्यासाठी दोन अदृश्य चिन्हे एकापाठोपाठ लागतात. काही सर्व्हर मात्र एकाच चिन्हावर भागवून घेत. टिमो लाँगिन या संशोधकाने दाखवले की पाठवणारा काटेकोर आणि घेणारा उदार असेल, तर एका पत्राच्या पोटात दुसरे पत्र लपवता येते. पाठवणाऱ्याला ते पहिल्याच पत्राचा मजकूर वाटते. घेणारा मध्येच ‘पहिले पत्र संपले’ असे मानतो आणि उरलेला मजकूर नवे पत्र म्हणून दाखल करतो. हे पोटातले पत्र विश्वासू सर्व्हरकडून आलेले असल्याने प्रेषकाची खातरजमा करणाऱ्या काही तपासण्यांतूनही सुखरूप पार पडे. अनेक मोठ्या सेवांना आणि सर्व्हर बनवणाऱ्यांना त्यानंतर आपले वाचन घट्ट करावे लागले.

मोबाइलवर रोज भेटणारा प्रकार याहून साधा आहे. प्रेषकाच्या ओळीत नाव आणि पत्ता असे दोन भाग असतात. पार्सर ते बरोबर वेगळे करतो, पण लहान पडद्यावर ॲप बहुतेक वेळा फक्त नाव दाखवते. आणि नावाच्या जागी पाठवणारा काहीही लिहू शकतो: बँकेचे नाव, साहेबांचे नाव, अगदी दुसराच एखादा ईमेल पत्तासुद्धा. प्रेषकाची तपासणी करणाऱ्या यंत्रणा पत्त्यातल्या संस्थेचा भाग पाहतात, नावाचा खरेखोटेपणा त्या तपासत नाहीत. पैसे, ओटीपी किंवा कागदपत्रे मागणारा ईमेल आला तर नावावर बोट दाबून पूर्ण पत्ता उघडावा आणि तो शेवटपर्यंत वाचावा. पत्ता ओळखीचा दिसला तरी उत्तर त्या ईमेलला न देता आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून विचारावे.

पायथॉनच्या त्याच पत्ता-साधनात २०२३मध्ये पुन्हा एक दोष नोंदला गेला. विशेष चिन्हे घातलेला पत्ता ते पुन्हा भलत्याच तऱ्हेने सोडवत होते. या वेळी दुरुस्ती करताना साधनाचा स्वभावच बदलण्यात आला. आता ते मुळातच कडक वागते. पत्ता नियमात बसला नाही तर अंदाज न करता रिकामे उत्तर देते. ज्यांच्या जुन्या प्रोग्रॅमना हे झेपत नाही, त्यांना कडकपणा बंद करण्याची मुभा ठेवली आहे. रिकामे उत्तर आल्यावर अर्ज फेटाळायचा, की ‘काहीतरी चुकले असेल’ म्हणून तो पुढे ढकलायचा, हे मात्र अजूनही प्रत्येक ठिकाणचा प्रोग्रॅमरच ठरवतो.