बाय टू बंगळुरू!

ट्रान्सफर झाली, प्रोजेक्ट मिळाला, नाहीतर नुसतंच तीन महिन्यांचं ट्रेनिंग. पुण्या-मुंबईतून बॅग भरून बंगळुरूला जाणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी असतोच. परत आल्यावर त्याला विचारा, 'काय काय पाहिलंस?' उत्तर ठरलेलं, 'ट्रॅफिक!' सोमवार ते शुक्रवार पीजी ते ऑफिस, शनिवारी मॉल, रविवारी कपडे धुणं आणि झोप. आणि कॉफी? प्यायली ना, ऑफिसच्या पँट्रीतल्या मशीनची. बटन दाबलं की नुसता फेस येतो, ती.

आता बोला! भारतातली सुमारे ७० टक्के कॉफी ज्या कर्नाटकात पिकते, त्याच्या राजधानीत राहून मशीनची कॉफी पिणं म्हणजे ऐन मे महिन्यात रत्नागिरीला जाऊन टेट्रापॅकमधला मँगो ज्यूस पिण्यासारखं झालं.

तेव्हा मंडळी, फंडा सोपा आहे. बंगळुरू बघायचंय ना, कॉफीच्या मागे जा. गाइडबुकातली ठिकाणं वाटेत भेटतातच. पण चांगल्या कॉफीसाठी ज्या गल्ल्यांमध्ये पाय वळतात, त्या गल्ल्या आयटीवाल्यांच्या नकाशावर बहुतेक वेळा नसतात. आणि त्या फार काळ अशाच राहतील असंही नाही. त्याबद्दल पुढे बोलू.

उभ्या उभ्या

सुरुवात बसवनगुडीपासून करा. इलेक्ट्रॉनिक सिटीवाल्यांना तर आता सबबच उरलेली नाही. ऑगस्ट २०२५मध्ये मेट्रोची यलो लाइन सुरू झाली. ती पकडून आर. व्ही. रोडला यायचं, तिथे ग्रीन लाइन घ्यायची आणि नॅशनल कॉलेज स्टेशनला उतरायचं. पुढे चालत. शनिवारी सकाळी लवकर निघालात तर उत्तम. उशिरा उठणाऱ्यांसाठी रांग आहेच!

शंकरपुरममधला 'ब्राह्मिन्स कॉफी बार' १९६५पासून चालू आहे. दुकान म्हणावं तर एक काउंटर. मेन्यू पाठ व्हायला अर्धा मिनिट लागतो : इडली, वडा, खारा बाथ म्हणजे तिखटमिठाचा उपमा आणि केसरी बाथ म्हणजे आपला शिरा. सांबार मागू नका, ते इथे मिळतच नाही. चटणी मात्र अशी की सांबाराची आठवणही येत नाही. प्लेट घ्यायची, फुटपाथवर जागा शोधायची, खायचं आणि मग कॉफी.

ही कॉफी इतकी वेगळी का लागते? यात गुपित काही नाही. फिल्टरच्या वरच्या भांड्यात पूड, त्यावर उकळतं पाणी आणि मग थेंब थेंब खाली गळणारा दाट अर्क. याला सगळे 'डिकॉक्शन'च म्हणतात. पाणी तेवढ्यापुरतंच, पुढचं सगळं काम गरम दुधाचं. डिकॉक्शन ताजं असेल तर वास आधी येतो, कडवटपणा नंतर. तासन् तास तसंच राहिलं की मजा गेली. म्हणूनच जिथे गर्दी, तिथे कॉफी बरी. भांडं सतत रिकामं होतं आणि सतत भरतं. रिकाम्या हॉटेलातल्या फिल्टर कॉफीच्या वाटेला शक्यतो जाऊ नका, मेन्यूकार्ड कितीही गुळगुळीत असो.

उभं राहून खाण्याच्या या प्रकाराला इथे 'दर्शिनी' म्हणतात. १९८३मध्ये जयनगरला 'कॅफे दर्शिनी' निघालं आणि ते नावच पुढे अख्ख्या जातीला पडलं. खुर्ची नाही, वेटर नाही, टिप नाही. आधी टोकन, मग काउंटर. आणि इथेच ऐकू येतो या शहराचा लाडका शब्द, 'बाय टू'. एक कॉफी, दोन ग्लासात. आपल्या कटिंगचा चुलतभाऊच! फक्त कटिंग एकटा पिऊ शकतो, बाय टूला जोडीदार लागतो. नवीन शहरात ओळखी होत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी ऑफिसातल्या एखाद्या बंगळुरूकराला बाय टूसाठी बाहेर काढून बघावं. डिनरच्या आमंत्रणापेक्षा सोपं आणि खिशाला परवडणारं.

तिथून गांधी बाजारचा 'विद्यार्थी भवन' चालत गाठता येतो. १९४३पासूनचा. डोसा हा इथला हीरो, एका हातावर डोशांच्या प्लेटांची उतरंड रचून येणारा वेटर हा शो, आणि शेवटी कॉफी. शुक्रवारी बंद असतो, एवढं लक्षात ठेवा.

नाकाचं ऐका

नवीन एरियात चांगली कॉफी कशी शोधायची? रेटिंगचे तारे मोजण्याआधी कॉफीची पूड विकणारं दुकान शोधा. जुन्या वस्त्यांमध्ये ते असतंच आणि नाक तुम्हाला बरोबर तिथे नेतं. दुकानदाराला विचारा, 'इथे कॉफी कुठे प्यायची?' आपली पूड कुणाकडे जाते हे त्याच्याएवढं कुणाला माहीत असणार?

पूड घेताना तो तुम्हाला विचारेल, 'चिकोरी किती?' गोंधळू नका. चिकोरी हे एक मूळ, भाजून दळलेलं. रंग आणि दाटपणा येतो, शिवाय ती स्वस्त पडते. नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी. म्हणजे पाकिटात जवळजवळ निम्मी चिकोरी असली तरी ते कायद्यात बसतं! पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. पहिल्यांदा घेत असाल तर ८०-२० मागा आणि लागेल तेवढीच दळून घ्या. दळलेली कॉफी फार लवकर उतरते.

एम. जी. रोडवरून पुढे

आता जरा गोष्ट. देशभरची कॉफी हाउसं पूर्वी कॉफी बोर्ड चालवायचं. १९५०च्या दशकात बोर्डाने ती बंद करायला घेतली, कामगार रस्त्यावर आले. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने त्यांनी स्वतःच्याच सहकारी संस्था काढल्या. पहिली १९५७मध्ये, बंगळुरूत. म्हणजे तुम्हाला कॉफी आणून देणारा फेटेवाला वेटर त्या हॉटेलाचा मालकही! एम. जी. रोडवरचं इंडियन कॉफी हाउस हा शहराचा कट्टा होता. जागेच्या वादात ते एप्रिल २००९मध्ये बंद झालं आणि जवळच चर्च स्ट्रीटला हललं. खरं सांगायचं तर तिथे कॉफीपेक्षा बसण्यातच गंमत.

या सगळ्या काळात एक गोष्ट मात्र कुठेच मिळत नव्हती : अमुक मळ्याची कॉफी. १९४०च्या दशकापासून मळेवाल्यांना आपली कॉफी बोर्डाकडे जमा करावी लागे. चांगली-वाईट सगळी एकत्र, मग लिलाव. हे बंधन १९९०च्या दशकात टप्प्याटप्प्याने सुटलं आणि जुलै १९९६मध्ये ब्रिगेड रोडवर पहिलं कॅफे कॉफी डे उघडलं. मालक चिक्कमगळूरच्या मळेवाल्यांच्या घरातला. आज इंदिरानगर-कोरमंगलाच्या कॅफेंमध्ये फळ्यावर मळ्याचं नाव, उंची, भाजण्याची तारीख लिहिलेली दिसते, ती या बदलामुळे. किंमत तीन आकडी असते. दर्शिनीतली दोन आकडी. तिथे गेलातच तर कॅपुचिनो मागवून पैसे वाया घालवू नका. बिनदुधाची पोअर ओव्हर घ्या, कर्नाटकातल्याच मळ्याची. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होईल. तिसऱ्याला होणार नाही.

पण निवड करायचीच झाली तर माझं मत जुन्यांना. कारण नवे कॅफे पुढच्या वर्षीही असतील, आणखी चार वाढतील. जुन्यांचं तसं नाही. मल्लेश्वरममधलं 'न्यू कृष्ण भवन' जवळजवळ सत्तर वर्षं चालून डिसेंबर २०२३मध्ये बंद झालं. दोन आकडी कॉफी विकून मोक्याची जागा सांभाळणं सोपं नसतं, आणि मालकाच्या पुढच्या पिढीला भट्टीपुढे उभं राहायचंच असतं असंही नाही.

तेव्हा मल्लेश्वरमचा नंबर पुढच्याच शनिवारी लावा. व्हाइटफील्डवाल्यांनी पर्पल लाइनने मॅजेस्टिक, तिथून ग्रीन लाइनने मंत्री स्क्वेअर संपिगे रोड. तिथून 'सीटीआर'चा बेण्णे डोसा, म्हणजे लोण्यात न्हालेला. 'वीणा स्टोअर्स'ची इडली, अर्थात रस्त्यावर उभं राहूनच. दोन्हीकडे शेवट कॉफीने. काउंटरवर हिंदी-इंग्रजी चालतंच, पण 'ओंदु बाय टू कॉफी कोडी' म्हणून बघा. ओंदु म्हणजे एक, कोडी म्हणजे द्या. साखर कमी हवी असेल तर 'सक्करे कम्मी'. गडबडीतला काउंटरवाला क्षणभर मान वर करून बघतो. पुढच्या खेपेला तो तुम्हाला ओळखतो.