हेवी गाण्यात आवाज दबतो? ओरडू नका, जागा करा!



आजचा विषय जरा वेगळा आहे. नववीच्या विज्ञानात आपण ‘ध्वनीचा अभ्यास’ शिकवतो. तोच पाठ एका मुलाच्या गळ्याशी येऊन भिडला, त्याची ही गोष्ट.

दहावीतला एक विद्यार्थी सोमवारी वर्गात आला तो घोगरा आवाज घेऊनच. मला वाटलं, सर्दी असेल. म्हटलं, “काय रे, थंड पाणी प्यायलास का?” तर म्हणाला, “नाही सर, तीन रात्री गाणं रेकॉर्ड करत होतो. गिटारमध्ये माझा आवाजच ऐकू येत नाही. जितकं जोरात गावं तितकं गिटार मोठं वाटतं.”

मधल्या सुट्टीत त्यानं मोबाईलवर गाणं ऐकवलं. मित्रानं वाजवलेली करकरीत गिटार, कॉम्प्युटरवरचे ड्रम आणि त्या सगळ्याच्या मागे, विहिरीतून यावा तसा याचा आवाज. मी बरीच वर्षं ध्वनी शिकवतोय, पण त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही दोघांनी मिळून शोधायला सुरुवात केली.

क्लीन व्होकल म्हणजे काय?

हेवी मेटल हा प्रकार इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये रुजला. तिथल्या ‘ब्लॅक सॅबथ’ बँडचा पहिला अल्बम १९७० साली आला. पुढे या संगीतात गुरगुरून किंवा किंचाळून गाण्याची पद्धतही आली. तसं न करता, सूर धरून, शब्द स्पष्ट ठेवून गायलं की मुलं त्याला ‘क्लीन व्होकल’ म्हणतात. आपल्या मुंबईच्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ या बँडच्या गाण्यांत दोन्ही प्रकार ऐकायला मिळतात. त्यामुळे “हा नुसता आरडाओरडा आहे” असं म्हणून विषय संपवू नका. यात सुरेल गाणंही आहे, आणि ते रेकॉर्ड करणं जास्त अवघड आहे.

आवाज दबतो का?

कारणं दोन आहेत.

पहिलं, गिटारचा आवाज मुद्दाम फाडलेला असतो. त्याला डिस्टॉर्शन म्हणतात. त्यामुळे मूळ स्वराबरोबर असंख्य उपस्वर तयार होतात आणि साधारण १०० हर्ट्झपासून ५००० हर्ट्झपर्यंतचा पट्टा भरून जातो. माणसाच्या आवाजातलं जे महत्त्वाचं, म्हणजे स्वर आणि व्यंजनांची धार, तेही बरंचसं याच पट्ट्यात असतं.

दुसरं, डिस्टॉर्शनमुळे गिटारची पातळी जवळजवळ सपाट राहते. माणसाचा आवाज मात्र कधी मोठा, कधी बारीक होतो. मग बारीक झालेले शब्द गिटारखाली जातात.

एका बाकावर तीन मुलं ऐसपैस बसली असतील, तर चौथ्यानं कितीही ओरडून जागा होत नाही. “जरा सरका रे” असंच म्हणावं लागतं. इथेही तसंच आहे.

आमच्या मुलाची खरी चूक पुढे होती. तो ओरडायचा, मग रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागायचा, मग तो माईकचा गेन कमी करायचा. म्हणजे शेवटी आवाज होता तेवढाच! फक्त गळा ताणलेला. लक्षात ठेवा, रेकॉर्डिंगमध्ये आवाज किती मोठा हे गळा ठरवत नाही, बटण ठरवतं. गाण्यात जोश हवाच, पण जोश वेगळा आणि नुसता मोठेपणा वेगळा.

आधी खोली

प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला भिंत किमान १७.२ मीटर दूर लागते, हे आपण मुलांना सांगतो. घरातली भिंत एखाद-दोन मीटरवर असते. तिथून परतलेला ध्वनी काही हजारांश सेकंदातच माईकमध्ये शिरतो, मूळ आवाजात मिसळतो आणि निनाद तयार होतो. ‘विहिरीतला आवाज’ येतो तो यातूनच.

खोलीच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे ‘झन्न’ असं काही ऐकू आलं तर ती खोली उघडी आहे. उपाय घरातच आहे. गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि बाजूला दोरीवर जाड गोधड्या टाका, खाली सतरंजी घाला. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट जवळ असेल तर आणखी चांगलं. पाठीमागे का? कारण साधा माईक समोरचं जास्त ऐकतो, आणि त्याच्या समोर गाणाऱ्याच्या मागची भिंत असते. पंखा बंद करा. कुकरच्या शिट्ट्यांची वेळ टाळा!

माईक आणि पातळी

खोली उघडी असेल तर कंडेन्सरपेक्षा डायनॅमिक माईक सोयीचा. तो कमी संवेदनशील असतो आणि जवळून वापरला जातो, त्यामुळे खोली कमी ऐकू येते. स्टेजवर सगळीकडे दिसणारा ‘शुअर एसएम ५८’ याच जातीचा. तो १९६६ पासून बाजारात आहे. महागडा माईक घेण्याआधी गोधड्या लावून बघा, असं मी पालकांना सांगेन.

– तोंड आणि माईक यांत साधारण एक वीत अंतर ठेवा. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलनं घटतो, खोलीचा निनाद मात्र तेवढाच राहतो.
– ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना हवेचा झोत लागतो. मध्ये पॉप फिल्टर लावा किंवा माईक किंचित तिरका ठेवा.
– सगळ्यात मोठी ओळ गाऊन गेन लावा. मीटरचा काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान पोचला की पुरे. शून्याला टेकला तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर नीट शिवता येत नाही.
– २४ बिटवर रेकॉर्ड करा. मग पातळी थोडी कमी राहिली तरी बिघडत नाही.
– हेडफोनमध्ये गिटार कमी आणि स्वतःचा आवाज जास्त ठेवा. ओरडण्याची इच्छा इथेच निम्मी होते.

मिक्सिंग : जागा करणं

ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर चालेल. आम्ही या क्रमानं गेलो.

१. गिटार दोनदा वेगवेगळी वाजवून घेतली. एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. मधली जागा गाणाऱ्यासाठी मोकळी झाली.

२. आवाजातला ८० ते १०० हर्ट्झखालचा भाग कापला. तिथे गाणं कमी आणि घरघर जास्त असते. २०० ते ४०० हर्ट्झमध्ये गढूळपणा होता, तो थोडा उतरवला.

३. गिटारमधून २००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी केले. आपला कान याच भागात सगळ्यात तिखट असतो आणि शब्दांची स्पष्टताही बरीचशी इथेच असते. हेच ते “जरा सरका रे”.

४. आवाजावर कंप्रेसर लावला. टीव्हीवर गाणं लागलं की आई रिमोटनं आवाज कमी करते, संवाद आले की वाढवते. कंप्रेसर हेच काम आपोआप करतो. ४:१ प्रमाण म्हणजे ठरवलेल्या रेषेवर आवाज ४ डेसिबल गेला तर बाहेर फक्त १ डेसिबल वर जातो. मग सगळीच पातळी थोडी उचलता येते आणि बारीक शब्द वर येतात.

५. कंप्रेसरनं ‘स’, ‘श’ टोचायला लागतात. तेवढ्या जागी ५००० ते ८००० हर्ट्झचा भाग उतरवला.

६. धृपद दोनदा गाऊन दुसरा आवाज पहिल्याखाली हलका ठेवला. भरलेपणा येतो तो असा, किंचाळून नाही.

७. रिव्हर्ब अगदी चिमूटभर. भाजीत मीठ टाकावं तसं. गर्दीच्या गाण्यात जास्त रिव्हर्ब म्हणजे पुन्हा विहीर.

शेवटी गाणं अगदी हळू आवाजात लावून ऐकायचं. शब्द कळले तर मिक्स जमलं.

पालकांसाठी दोन गोष्टी

४४० हर्ट्झचा सूर गाताना स्वरतंतू सेकंदाला ४४० वेळा एकमेकांना भिडतात. वयात येणाऱ्या मुलांचा गळा तर बदलत असतो. दुखलं की थांबायचं, पाणी प्यायचं, एका बैठकीला अर्धा-पाऊण तास पुरे. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. कानांचीही काळजी घ्या. मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल, ही जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली मर्यादा आहे.

शिक्षकांनी वर्गात टाळीचा प्रयोग करून बघावा. रिकाम्या वर्गात एकदा, भरलेल्या वर्गात एकदा. फरक मुलंच सांगतील.

आमच्या विद्यार्थ्यानं आठ दिवस गळ्याला विश्रांती दिली आणि मग दुपारच्या वेळी, गोधड्यांच्या मध्ये उभं राहून तेच गाणं पुन्हा गायलं. या वेळी नेहमीच्या आवाजात. ऐकून त्याची आई म्हणाली, “अगंबाई, याला शब्द पण आहेत होय!”

तुमच्या घरी असा एखादा कलाकार असेल तर त्याला गप्प करू नका. फक्त ओरडू नकोस, जागा कर, एवढं सांगा.